ठोकळ्यांच्या आज्ञावलीतील संख्या : रूप आणि मूल्य

अंक आणि संख्या यांतील भेद भाषाभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. अंक हे लिपिचिन्ह होय. संख्या हा त्याचा अर्थ. वाचणारा माणूस चिन्हावरून अर्थाकडे आपोआप जातो, म्हणून व्यवहारात हा भेद जाणवत नाही. यंत्राला मात्र हे अंतर प्रत्येक वेळी ओलांडावे लागते. ते कोठे व कसे ओलांडले जाते हे पाहण्यास स्क्रॅच ही आज्ञावलीची भाषा फार सोयीची आहे.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये मुलांसाठी घडलेली ही भाषा २००७ मध्ये सर्वांना खुली झाली. तीत आज्ञा लिहावयाच्या नसतात. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवावयाचे असतात, आणि वाक्यरचनेचे नियम त्यांच्या आकारातच घडविलेले असतात. सत्य वा असत्य सांगणारा ठोकळा षट्‌कोनी असतो, इतर मूल्ये देणारा गोल कडांचा. षट्‌कोनी खाचेत गोल ठोकळा बसतच नाही. अशुद्ध वाक्य मुळी उच्चारताच येऊ नये, अशी ही व्यवस्था आहे. तथापि संख्या देणारा ठोकळा आणि मजकूर देणारा ठोकळा यांचा आकार एकच. पूर्णांक व दशांश यांनाही निराळा आकार नाही. आकाराचे व्याकरण येथे संपते, आणि पुढील काम अदृश्य रूपांतरावर सोपविले जाते.

या रूपांतराचे नियम २०१९ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत पाहण्यासारखे आहेत. (पुढील उदाहरणांतील अंक येथे देवनागरीत छापले असले, तरी वेगळे सांगितल्याखेरीज ते आंतरराष्ट्रीय रूपातील समजावेत.) बेरजेच्या ठोकळ्यात मजकूर आला तर त्याची संख्या करण्याचा प्रयत्न होतो, ते न जमल्यास शून्य धरले जाते. 'आंबा' अधिक ५ बरोबर ५! यंत्र तक्रार करीत नाही. समानतेच्या ठोकळ्याचा न्याय मात्र वेगळा: दोन्ही बाजू संख्या म्हणून वाचता आल्या तरच संख्यांची तुलना, एरवी मजकुराची. म्हणून रिकामे उत्तर बेरजेत शून्य ठरते, पण शून्याशी ताडून पाहिल्यास त्याच्याशी समान ठरत नाही. यादृच्छिक संख्या निवडणाऱ्या ठोकळ्यात १ व १० लिहिल्यास पूर्णांक मिळतो, १.० व १० लिहिल्यास दशांश मिळतो. मूल्य तेच, केवळ टिंबाच्या दर्शनाने यंत्राने आपला निर्णय बदलला.

मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी सामान्यरूप होते, आणि 'घोडा'चा 'घोड्या' झालेला आपल्याला ऐकू येतो. स्क्रॅचमधील विकाराची अशी कोणतीही खूण राहत नाही. १९८६ मध्ये नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने काढलेली लॅबव्ह्यू ही अभियंत्यांची चित्रमय भाषा या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हटली पाहिजे. तीत पूर्णांकाची तार निळी, दशांशाची नारिंगी; आणि जेथे एका प्रकाराचे दुसऱ्यात आपोआप रूपांतर होते तेथे लाल टिंब उमटते.

हा प्रश्न आपल्या दृष्टीने केवळ तात्त्विक नाही. 'तुझे वय किती?' या प्रश्नाला मराठी शाळेतील मुलाने देवनागरीत '९' असे उत्तर टंकित केले आणि आज्ञावलीने त्यात १ मिळविला, तर उत्तर १ येते. देवनागरी ९ हा अंक स्क्रॅचच्या लेखी 'आंबा'च होय! भारतीय संविधानाच्या ३४३व्या अनुच्छेदात ज्यांना 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' म्हटले आहे, तेवढेच अंक तेथे चालतात. हे अपरिहार्य होते असेही नाही. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक अंकाचे मूल्य नोंदविलेले आहे, आणि पायथन ही भाषा तीच नोंद वापरून देवनागरी ९ मधून नऊ ही संख्या काढते.

स्क्रॅचमध्ये 'ही संख्या आहे काय?' असे विचारणारा स्वतंत्र ठोकळा मूळ संचात नाही. स्नॅप व अ‍ॅप इन्व्हेंटर या भगिनीभाषांत तो आहे. परंतु वर सांगितलेल्या विसंगतीचाच उपयोग करून घेता येतो. उत्तराला १ ने गुणावे व गुणाकार मूळ उत्तराशी ताडावा. 'आंबा' असेल तर गुणाकार शून्य येईल, आणि शून्य व 'आंबा' समान ठरणार नाहीत. पूर्णांकच हवा असल्यास गुणाकाराऐवजी जवळच्या पूर्णांकात आणणारा ठोकळा वापरावा. एकाच तुलनेत दोन्ही गोष्टी तपासल्या जातात.

देवनागरी उत्तर स्वीकारावयाचे तर रूपांतर आपणच केले पाहिजे. ० पासून ९ पर्यंतचे देवनागरी अंक क्रमाने एका यादीत ठेवावेत. उत्तरातील एकेक अक्षर घेऊन यादीतील त्याचे स्थान शोधावे, त्यातून १ वजा करावा, आणि आतापर्यंतच्या फलाला दहाने गुणून त्यात ते मिळवावे. फल आरंभी शून्य असते. देवनागरी '२५' मध्ये पहिल्या अक्षराचे स्थान तिसरे, म्हणून २. दुसऱ्याचे सहावे, म्हणून ५. वीस अधिक पाच मिळून पंचवीस. एखादे अक्षर यादीत न सापडल्यास स्थान शून्य येते; त्या ठिकाणी थांबून मुलाला पुन्हा विचारावे, शून्य धरून पुढे जाऊ नये. ऋणचिन्ह व दशांशचिन्ह यांची सोय या कृतीत नाही. ती दोन्ही आधी वेगळी काढून ठेवावी लागतात.