जपानमधली आपली गाडी – ७ : आधी जागा, मग गाडी

आज शाकेनबद्दल, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीबद्दल, लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. डोंबिवलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न शाकेनच्या आधीचा आहे. मागच्या लेखात नोंदणीची कागदपत्रं सांगताना मी ‘पार्किंगचा दाखला’ एवढं म्हणून पुढे गेलो होतो. ते विचारतात, ‘जागा नसेल तर गाडी मिळतच नाही, हे खरं का? आणि पोलीस खरोखर येऊन जागा बघतात का?’

दोन्हींचं उत्तर ‘हो’ आहे. पण एका शब्दात उरकावा असा हा विषय नाही. इतकी वर्षं इथे गाडी वापरतो आहे. इथली कुठली एक गोष्ट महाराष्ट्रात न्यावीशी वाटते, असं कुणी विचारलं तर मी इंजिनाचं किंवा रस्त्याचं नाव घेणार नाही. मी हा दाखला म्हणेन.

दाखल्याचं सरकारी नाव लांबलचक आहे. बोलताना सगळे ‘शाको शोमेई’ म्हणतात. शाको म्हणजे गाडी ठेवण्याची जागा, शोमेई म्हणजे दाखला. तो पोलीस ठाण्यातून मिळतो आणि जागा ज्या ठाण्याच्या हद्दीत असेल तिथेच अर्ज करावा लागतो. तो नसेल तर साध्या, पांढऱ्या पाटीच्या गाडीची नोंदणी तुमच्या नावावर होत नाही. विक्रेत्याकडे पैसे भरलेले असोत, विमा उतरवलेला असो, गाडी दुकानातच उभी राहते. हा कायदा १९६२चा, म्हणजे टोकियो ऑलिंपिकच्या दोन वर्षं आधीचा. तेव्हा लोकांच्या हाती गाड्या येऊ लागल्या होत्या आणि त्या घरासमोरच्या रस्त्यावर रात्रभर उभ्या राहत होत्या. त्या सवयीला जपानी भाषेत फार छान नाव आहे, ‘आओझोरा चुशा’, म्हणजे निळ्या आभाळाखालचं पार्किंग. आभाळ सगळ्यांचं असलं तरी त्याच्या खालचा रस्ता तुमचा नाही, हे त्या कायद्याने ठरवून टाकलं.

अटी मोजक्या आहेत. जागा तुमच्या राहत्या ठिकाणापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत हवी. पूर्वी ही मर्यादा ५०० मीटर होती, १९९१मध्ये ती वाढवली. गाडी त्या जागेत पूर्ण मावायला हवी, नाक किंवा शेपूट रस्त्यावर येता कामा नये. रस्त्यावरून आत-बाहेर करता यायला हवं. आणि ती जागा वापरायचा हक्क तुमच्याकडे हवा. जागा स्वतःची असेल तर तसं लिहून द्यायचं, भाड्याची असेल तर मालकाचं संमतिपत्र जोडायचं.

माझ्या पहिल्या दाखल्याची गोष्ट सांगतो. मी कावासाकीला राहतो. हा भाग एकेकाळी नाशपातीच्या बागांसाठी प्रसिद्ध होता. चोजुरो नावाची नाशपातीची जुनी जात इथलीच. आमच्या घराजवळच्या एका वयस्कर शेतकऱ्यांनी बागेचा एक तुकडा मोकळा करून तिथे बारा गाड्यांची जागा केली होती. त्यातली सात नंबरची मला मिळाली. संमतिपत्रावर सही करण्याआधी ते आजोबा घरातून मोजपट्टी घेऊन आले. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. लांबी पाच मीटर, रुंदी दोन मीटर चाळीस. मग त्यांनी मला गाडीची लांबी-रुंदी विचारली, ती बोटांवर मोजल्यासारखी पुटपुटली आणि मान हलवली. दार उघडून उतरायला दोन्ही बाजूंना किती जागा उरते, याचा हिशेब ते माझ्यासाठी करत होते.

अर्जासोबत दोन नकाशे द्यावे लागतात. पहिल्यात घर, जागा आणि दोन्हींना जोडणारी सरळ रेघ, तिच्यावर अंतर लिहिलेलं. दुसऱ्यात जागेचा आराखडा, मापांसकट. दोन्ही हाताने काढलेले चालतात. मी शाळेतल्या भूमितीच्या वहीसारखे पट्टी लावून काढले आणि ठाण्यात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद नीट पाहिले आणि जागेच्या समोरच्या रस्त्यावर बोट ठेवलं. त्या रस्त्याची रुंदी लिहायची राहिली होती. गाडी वळून आत शिरेल की नाही हे त्या आकड्यावरून कळतं. मी परत गेलो, आजोबांची मोजपट्टी मागून घेतली, साडेचार मीटर भरला. दुसऱ्या दिवशी अर्ज घेतला गेला. शुल्क दोन हजार येनच्या आसपास होतं.

आता डोंबिवलीच्या वाचकांचा दुसरा प्रश्न. जागा तपासायला पोलीस किंवा त्यांनी नेमलेली माणसं येतात. मला कुणी कळवलं नाही, मी तिथे नव्हतो. तीन दिवसांनी आजोबांनीच सांगितलं, ‘तुमच्या कागदासाठी एक माणूस येऊन गेला. तुमचा नकाशा हातात धरून सात नंबरसमोर उभा राहिला, इकडचं तिकडचं पाहिलं, शेजारच्या गाड्या पाहिल्या आणि गेला.’ एवढंच. चौथ्या दिवशी दाखला हातात पडला. तो फार दिवस टिकत नाही, साधारण महिन्याभरात गाडीची नोंदणी उरकावी लागते.

नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींची इथे एक चूक हमखास होते, म्हणून आधीच सांगतो. आपण घर बघतो, स्टेशन किती लांब ते बघतो, डाळ-तांदूळ मिळणारं दुकान बघतो आणि गाडीचं नंतर बघू म्हणतो. नंतर इमारतीतल्या जागा भरलेल्या असतात. मग गल्लोगल्ली फिरून पाट्या वाचायच्या. त्या पाट्यांवर चार-पाच चित्रलिपीची अक्षरं असतात आणि पहिली दोन सगळीकडे सारखीच : महिना आणि ठरवणं. वाचायचं ‘त्सुकिगिमे’, म्हणजे महिन्याच्या भाड्याने. पण त्याच अक्षरांचा दुसरा उच्चार ‘गेक्क्योकु’ असा होतो. त्यामुळे ही कुठली तरी अवाढव्य कंपनी असून देशभरची पार्किंगं तिच्या मालकीची आहेत, असं लहानपणी वाटायचं, हे मला अनेक जपानी सहकाऱ्यांनी सांगितलं आहे. अक्षरओळख झाल्यावर पहिल्या वर्षी मीही तसंच वाचत होतो.

त्सुकिगिमेचं भाडं शहराप्रमाणे बदलतं. मी महिन्याला १५,००० येन भरतो. टोकियोच्या मध्यात याच्या दुप्पट-तिप्पट लागतात, खेड्यात याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम होतं. भाडं गाडी यायच्या आधीपासून सुरू होतं, कारण संमतिपत्र मिळाल्याशिवाय अर्ज नाही आणि दाखल्याशिवाय गाडी नाही. माझी सात नंबरची जागा जवळजवळ तीन आठवडे रिकामी होती आणि मी तिचं भाडं भरत होतो. त्या रिकाम्या चौकोनाकडे रोज येता-जाता बघताना एक गोष्ट पक्की झाली. गाडीची किंमत म्हणून विक्रेता जो आकडा सांगतो, त्यात जमिनीचा भाग नसतो. इथे तो दर महिन्याला वेगळा मोजावा लागतो, म्हणून डोळ्यांना दिसतो. आपल्याकडे तो रस्ता भरतो, म्हणून दिसत नाही.

उंचीचं प्रकरण तर फारच रंजक आहे. जुन्या इमारतींत यांत्रिक पार्किंग असतं, लोखंडी पाळण्यांवर गाड्या एकावर एक चढवलेल्या. त्यातल्या बहुतेकांची उंचीची मर्यादा १,५५० मिलिमीटर आहे. हा आकडा इथल्या गाडीवाल्यांना पाठ असतो आणि गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनाही. इथल्या माहितीपत्रकांत ‘यांत्रिक पार्किंगमध्ये बसते’ हे गाडीचं वैशिष्ट्य म्हणून छापलेलं असतं. आपल्या ओळखीची दोन नावं घेतो. जपानमधली आजची ऑल्टो १,५२५ मिलिमीटर उंच आहे, ती बसते. इथली वॅगनआर १,६५० आहे, ती बसत नाही. भारतात या दोघींतली निवड आपण मागच्या बाकावर किती माणसं मावतात यावरून करतो. इथे ती इमारतीचा पाळणा करतो. रुंदीचंही तसंच आहे. आमच्या ओळखीच्या एका नाशिककर कुटुंबाने १,८५० मिलिमीटर रुंदीची जुनी गाडी पसंत केली, बयाणा दिला आणि मग इमारतीच्या कार्यालयात कळलं की पाळणा १,८०० पर्यंतच घेतो. संमतिपत्र मिळालं नाही. तो व्यवहार मोडला आणि बयाण्याचा काही भाग गेला.

ऑल्टो आणि वॅगनआर या इथे ‘केई’ वर्गातल्या, पिवळ्या पाटीच्या. इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी ३.४० मीटर आणि रुंदी १.४८ मीटरच्या आत. त्यांना नोंदणीआधी दाखला लागत नाही. मोठ्या शहरांत गाडी घेतल्यावर जागा कळवावी लागते, अनेक खेड्यांत तीही गरज नाही. जागा कमी व्यापणाऱ्याला कमी कागद, हा न्याय मला पटतो. पहिली गाडी केई घ्या, असं मी याच कारणासाठी सुचवत आलो आहे.

कुणी खोटी जागा दाखवली तर? लांबच्या मित्राची जागा कागदावर दाखवायची आणि गाडी घरासमोर लावायची, हा विचार आपल्याकडच्या माणसाला पटकन सुचतो. खोट्या अर्जाला दोन लाख येनपर्यंत दंड आहे. रस्त्याचाच गॅरेजसारखा वापर केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. रस्त्यावर एकाच जागी सलग बारा तास, किंवा रात्री आठ तास गाडी उभी राहिली तरी गुन्हा होतो. आणि परदेशी माणसाला गुन्ह्याची नोंद व्हिसाच्या वेळी आडवी येते, हे वेगळं सांगायला नको.

मागच्या काचेवर या दाखल्याची एक गोल चकती लावावी लागायची. १ एप्रिल २०२५पासून ती बंद झाली. जुन्या गाड्यांवर अजून दिसते. चकती गेली, दाखला आणि तपासणी आहे तशीच आहे. घर बदललं की नवी जागा, नवा दाखला आणि पंधरा दिवसांत नोंदणीतला पत्ता बदलणं, हेही आहेच.

हे सगळं वाचून डोंबिवलीकरांच्या मनात पुढचा प्रश्न आला असेल : आपल्याकडे का नाही? चर्चा आपल्याकडेही झाली आहे. ऑगस्ट २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेच्या सुनावणीत म्हटलं होतं की जागा नसताना एका कुटुंबाला चार-पाच गाड्या घेऊ देऊ नयेत. मे २०२५मध्ये राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, अशी भूमिका जाहीर केली. मला ते वाचून आनंद झाला. पण जपानमध्ये हा नियम दोन पायांवर उभा आहे. पहिला पाय म्हणजे गाडी नसलेल्या माणसाचं इथल्या मोठ्या शहरांत अडत नाही, दर पाच मिनिटांनी लोकल असते आणि तिच्यात शिरता येतं. दुसरा पाय म्हणजे कागद हातात धरून सात नंबरसमोर उभा राहिलेला तो माणूस. तो आला नसता तर माझा दाखला म्हणजे नुसतं चित्र ठरलं असतं. आपल्याकडे दाखला सुरू करायचा असेल तर आधी त्या माणसाची नेमणूक करायला हवी आणि त्याच्या हातात मोजपट्टी द्यायला हवी.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. जपानला येणाऱ्यांनी घर ठरवण्याआधी पार्किंग मिळेल का ते विचारावं आणि जागेची लांबी, रुंदी, उंची लिहून घ्यावी. आणि जे डोंबिवलीत, पुण्यात, नाशकात आहेत, त्यांनी या रविवारी खाली उतरून आपल्या सोसायटीतली आपली जागा एकदा मोजावी. पुढची गाडी बघायला जाताना ते तीन आकडे खिशात असू द्यावेत.

शाकेन पुढच्या आठवड्यात.