नारळ फुटला, पण ‘वर्क ऑर्डर’ निघाली का? सरकारी कामाच्या कागदांवरील हे शब्द समजून घ्या

धाराशिव : ‘रस्त्यासाठी निधी मंजूर’ अशी बातमी येते, नारळ फुटतो, फलक लागतो; मात्र महिनोन्महिने खडीही पडत नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे 84 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची पायाभरणी 9 जानेवारी 2019 रोजी सोलापुरात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली. त्यानंतरची वर्षे भूसंपादन आणि निविदा या टप्प्यांत गेली. काम नेमके कुठे अडले, हे ओळखायचे तर पुढील शब्द माहीत हवेत.

प्रशासकीय मान्यता : कामाला आणि त्याच्या खर्चाला मिळालेली मंजुरी. ‘निधी मंजूर’ या बातमीचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो.

तांत्रिक मान्यता : अभियंत्यांनी तपशीलवार अंदाजपत्रकाला दिलेली मंजुरी. यानंतर निविदा निघते.

बयाणा रक्कम : निविदा भरताना कंत्राटदाराने ठेवायची रक्कम. काम मिळाल्यावर माघार घेतली तर ती जप्त होते. काम न मिळालेल्यांना परत मिळते.

दोन लिफाफे : आधी तांत्रिक लिफाफ्यात अनुभव, यंत्रसामग्री, कागदपत्रे तपासली जातात. त्यात पात्र ठरलेल्यांचाच दराचा लिफाफा उघडतो. ऑनलाइन निविदेतही हीच पद्धत आहे.

बी-1 आणि बी-2 : सार्वजनिक बांधकाम विभागाचे निविदा नमुने. बी-1 मध्ये अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जादा, हे सांगायचे असते. बी-2 मध्ये प्रत्येक बाबीचा वेगळा दर. समजा 1 कोटीचे काम ‘20 टक्के कमी’ दराने गेले, तर ते 80 लाखांत करायचे आहे. अशा कामाच्या दर्जावर विशेष लक्ष हवे.

कार्यारंभ आदेश : हीच ‘वर्क ऑर्डर’. कामाची मुदत भूमिपूजनापासून नव्हे, तर या आदेशानुसार मोजली जाते.

मोजमाप पुस्तिका : बोलीभाषेत ‘एमबी’. प्रत्यक्ष झालेल्या कामाची लांबी, रुंदी, जाडी यात नोंदवतात आणि त्यावरच बिल निघते.

दोष दायित्व कालावधी : काम पूर्ण झाल्यावर ठरावीक काळात दोष निघाले, तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांची 5 वर्षे देखभाल त्याच कंत्राटदाराकडे असते. रस्ता दोन वर्षांत उखडला, तर नव्या निधीची मागणी करण्याआधी ही मुदत तपासावी. नाही तर एकाच खड्ड्यासाठी जनतेचा पैसा दुसऱ्यांदा खर्च होतो.

काय करता येईल?

• फलकावर कामाची किंमत, कंत्राटदाराचे नाव, कार्यारंभ आदेशाची तारीख आणि दोष दायित्व कालावधी पाहा. फलकाचा फोटो काढून ठेवा.

• राज्य सरकारच्या ‘महाटेंडर्स’ पोर्टलवर निविदा शोधा.

• माहिती अधिकार कायदा, 2005 नुसार अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागा. अर्जात कामाचे नेमके नाव आणि वर्ष लिहा.