राख कोणाच्या दारी?

अणुभट्टीची वीज सर्वांनाच हवी असते. तिची राख मात्र कोणालाच आपल्या दारी नको असते. २०४७ पर्यंत अणुवीज १०० गिगावॅटवर नेण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकात जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने नवा कायदा करून या क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांना उघडले. भांडवल कोणाचे, नफा कोणाचा, अपघात घडल्यास भरपाई कोणी द्यायची, यांवर पुष्कळ खल झाला. परंतु भट्टीतून निघणारा किरणोत्सारी कचरा कोठे ठेवायचा आणि ते ठरविताना तेथल्या रहिवाशांना कोण विचारणार, हा प्रश्न आला की सत्ताधारी आणि विरोधक या दोघांचीही वाणी चाचरू लागते. म्हणूनच तो मुंबईकरांपुढे मांडणे आम्हांला अगत्याचे वाटते.

गिरगाव-दादरच्या वाचकाला वाटेल, हा कोकणातल्या किंवा राजस्थानातल्या कोणा गावकऱ्यांचा प्रश्न. आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. देशाच्या अणुऊर्जा खात्याचे मुख्यालय दिल्लीत नाही, ते आपल्या कुलाब्यास आहे. देशातील पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे चेतली आणि वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करण्याचा पहिला कारखानाही १९६४ साली तेथेच उभा राहिला. अणुकचरा या मुंबई बेटापासून काही मैलांवर गेली साठ वर्षे निर्माण होत आहे. तो खुद्द परळातही होतो. टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोपचार केंद्र १९६३ पासून चालते. थायरॉइडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या किरणोत्सारी आयोडिनाचे तेज आठ दिवसांत निम्म्यावर येते. म्हणून अशा रुग्णांच्या विभागातील सांडपाणी आधी टाक्यांत साठवून, निवू देऊन, मगच सोडावे लागते. परळच्या वस्तीत हे काम शिस्तीने चालते आणि त्यातून रुग्ण बरे होतात. अणुकचरा हा शब्द ऐकताच दचकण्याचे कारण नाही. दचकावे ते शिस्त मोडते तेव्हा. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या एका विद्यापीठातील जुने कोबाल्ट-यंत्र भंगारात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात एका कामगाराला प्राणास मुकावे लागले.

वीजकेंद्राचा कचरा मात्र आठ दिवसांत निवणारा नसतो. सौम्य आणि मध्यम प्रतीचा कचरा प्रत्येक केंद्राच्या आवारातच काँक्रीटच्या खंदकांत ठेवला जातो. सर्वांत जहाल कचरा निघतो तो वापरलेल्या इंधनावर पुन्हा रासायनिक प्रक्रिया केल्यानंतर. तो वितळत्या काचेत एकजीव करून गंजरोधक पोलादाच्या डब्यांत ओततात आणि हे डबे तारापूरसारख्या ठिकाणी, हवा खेळती ठेवलेल्या कोठारात काही दशके निवत ठेवतात. त्यातील सीझियमचे तेज निम्मे होण्यास सुमारे ३० वर्षे लागतात. प्लुटोनियमचा काही अंश मागे राहिला तर त्याला २४,००० वर्षे लागतात. आमच्या शास्त्रज्ञांची या कामातील कर्तबगारी निर्विवाद आहे. याच जहाल कचऱ्यातून सीझियम वेगळे काढून रक्तपेढ्यांतील किरणयंत्रांसाठी त्याच्या कांड्या त्यांनी तयार केल्या. कोळशाच्या राखेचे डोंगर पाहिले तर काचेत बंद केलेला हा कचरा आकाराने अगदी थोडा, हेही खरे. पण काही दशकांनंतर काय? जमिनीच्या पोटात खोल कोठार खोदण्याची घाई नाही, असे अणुऊर्जा खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. आजचा निर्णय नातवंडांच्या माथी टाकण्याचीच ही सभ्य रीत नव्हे काय?

तारापूरचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९६३ च्या करारान्वये अमेरिकेने भट्ट्या दिल्या, इंधन दिले आणि १९६९ साली वीज वाहू लागली. पुढे १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेने हात आखडता घेतला. १९८२ पासून इंधन फ्रान्सकडून येऊ लागले. पण वापरलेल्या इंधनाचे काय करावयाचे, यावर दोन्ही सरकारांचे एकमत झाले नाही. आम्ही त्यावर प्रक्रिया करू, असे दिल्ली म्हणे. आमच्या संमतीवाचून नको, असे वॉशिंग्टन म्हणे. १९९३ साली कराराची मुदत सरेपर्यंत हा वाद चालला आणि तोवर ते इंधन तारापूरच्याच तळ्यांत साचत राहिले. भांडत होत्या दोन राजधान्या आणि ओझे वाहत होते ठाणे जिल्ह्यातील किनाऱ्यावरचे एक गाव! त्या गावास कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

पुढच्या घटनाही याच वळणाने गेल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये कुडनकुलम खटल्याच्या ओघात कोलारच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीचे नाव सर्वोच्च न्यायालयात निघाले आणि कोलारच्या लोकांना ते वर्तमानपत्रांतून कळले. गाव रस्त्यावर आले, सर्व पक्ष त्यांच्यामागे उभे राहिले आणि असा कोणताच बेत नाही, असे सांगून सरकारने माघार घेतली. वापरलेल्या इंधनाचे कोठार खुद्द कुडनकुलमच्या आवारात बांधण्यासाठी जुलै २०१९ मध्ये ठेवलेली जनसुनावणीही तमिळनाडूतील पक्षांच्या विरोधामुळे पुढे ढकलावी लागली. आमच्या जैतापूरचे तर काय सांगावे? ९,९०० मेगावॅटच्या सहा भट्ट्यांसाठी माडबन परिसरातील जमिनी घेतल्या गेल्या, १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक मृत्युमुखी पडला. तेव्हाचे राज्यकर्ते प्रकल्पाचा जयजयकार करीत होते आणि शिवसेना त्याविरुद्ध गर्जत होती. २०१४ नंतर तीच शिवसेना सत्तेत वाटेकरी झाली, तरी प्रकल्प कागदावर जसाच्या तसा राहिला. कोणी समर्थनाचे भाषण केले, कोणी विरोधाचे. पण या सहा भट्ट्यांचे वापरलेले इंधन माडबनच्या सड्यावर किती वर्षे राहणार आणि तेथून कोणाच्या गावी जाणार, याचे उत्तर कोणत्याही व्यासपीठावरून मिळाले नाही.

असे का व्हावे? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या अणुखात्याचे जुने सूत्र आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती दडविण्याचा मोठा अधिकार सरकारच्या हाती दिला होता. १९८३ साली स्थापन झालेले नियामक मंडळ, ज्या खात्यावर नजर ठेवायची त्याच खात्याच्या छायेत वाढले. महालेखापालांनी २०१२ साली त्यावर ताशेरे ओढले. नव्या कायद्याने मंडळास वैधानिक अधिष्ठान दिले, याचे आम्ही स्वागत करतो. परंतु अधिष्ठान कागदावर मिळते, विश्वास मात्र वागणुकीने मिळवावा लागतो. अणुबाँबची गुपिते राखावीत, हे शहाणपण कोणीही मान्य करील. कचऱ्याच्या डब्यांची संख्या आणि त्यांचा पत्ता ही कोणती युद्धगुपिते आहेत?

बाहेरच्या जगाकडे पाहा. अमेरिकेच्या काँग्रेसने १९८७ साली नेवाडातील युक्का पर्वत मुक्रर केला. २००२ साली त्या राज्याच्या गव्हर्नराने दिलेला नकारही मोडून काढला. अब्जावधी डॉलर खर्च झाले आणि २०१० साली तो बेत गुंडाळावा लागला. उलट फिनलंडच्या कायद्याने गावाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दिला. एउरायोकी गावाच्या परिषदेने २००० साली विचारपूर्वक होकार दिला, २००१ साली संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि आज तेथे खडकात चारशे मीटरांहून खोल कोठार उभे आहे. गावात आधीपासून अणुकेंद्र होते, करांचे उत्पन्न होते, हे मान्य. तरीही नकाराचा अधिकार हाती असलेल्या गावाने होकार दिला आणि ज्या राज्याचा नकार चिरडला गेला तेथे काहीच उभे राहिले नाही, यातून राज्यकर्त्यांनी बोध घ्यावयास हवा.

मुंबईनेही तो घ्यावयास हवा. चाळीत आपल्या दारापुढचा केर शेजाऱ्याच्या दाराशी लोटणारा एखादा बिऱ्हाडकरू असतोच. आपले शहर आजवर तसेच वागत आले आहे. १९२७ पासून आपण आपला केरकचरा देवनारला लोटला आणि जानेवारी २०१६ मध्ये तो पेटून त्याचा धूर शहरभर पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा कोठे आपल्याला देवनारची आठवण झाली. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, ती किती मुंबईकरांच्या स्मरणात आहेत? प्रकाश शहराने घ्यावा आणि राख किनाऱ्यावरच्या कोळ्या-शेतकऱ्यांनी सांभाळावी, ही वाटणी न्यायाची नाही.

आम्ही अणुविजेच्या विरुद्ध नाही. आमचे मागणे साधे आहे. नव्या केंद्राची पायाभरणी होण्यापूर्वी तेथून किती वापरलेले इंधन निघेल, ते जागेवर किती वर्षे राहील आणि पुढे कोठे जाईल, हे सरकारने मराठीतून छापून प्रसिद्ध करावे. जेथे ते ठेवायचे त्या गावच्या ग्रामसभेला नकाराचा अधिकार द्यावा. सुनावणीचा नुसता देखावा करू नये. ट्रॉम्बेतील साठ्याचा वार्षिक हिशेब मुंबईच्या नागरिकांपुढे ठेवावा. आणि लालबाग-दादरच्या मतदाराने मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही झेंड्याचा असो, हाच प्रश्न विचारावा: जैतापूरची राख तुम्ही कोणाच्या दारी ठेवणार, आणि त्याला विचारले आहे काय? या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळेपर्यंत माडबनच्या सड्यावर नव्या भट्टीची एक वीटही रचली जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.