विश्लेषण : नदीत मासे मेले, पण कशामुळे? खरे कारण शोधतात कसे?

पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात, कधी ऐन उन्हाळ्यात तर कधी पहिल्या पावसानंतर. छायाचित्रे मोबाइलवर फिरतात, पाण्याचे नमुने घेतले जातात, पंचनामा होतो आणि ‘कुणीतरी रसायन सोडले’ असे म्हणून अहवाल येण्याआधीच चर्चा संपते. मात्र मासे मेले हे कळणे वेगळे आणि कशामुळे मेले हे सिद्ध करणे वेगळे. कारण चुकले तर उपायावरचा पैसा वाया जातो आणि मासे पुढच्या वर्षी पुन्हा मरतात. युरोपातील ओडर नदीत २०२२ मध्ये जे घडले, त्यातून हे कारण शोधणे किती अवघड असते आणि ते कसे करतात, हे समजते.

ओडर नदीत काय घडले?

ओडर नदी चेक प्रजासत्ताकात उगम पावते, पोलंडमधून वाहते आणि खालच्या टप्प्यात पोलंड व जर्मनीची सीमा बनते. जुलै २०२२ च्या अखेरीस पोलंडमध्ये गळ टाकणाऱ्यांना मेलेले मासे दिसू लागले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हे संकट जर्मनीच्या हद्दीत पोहोचले. पोलंडने वेळेवर कळवले नाही, अशी तक्रार जर्मनीने केली. पोलंडचे तत्कालीन पंतप्रधान मातेउश मोराविएत्स्की यांनी जल आणि पर्यावरण विभागांतील दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदावरून हटवले. दोषींची माहिती देणाऱ्यास १० लाख झ्लॉटींचे बक्षीसही जाहीर झाले. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार या घटनेत सुमारे ३६० टन मासे मेले.

पहिला संशय का फोल ठरला?

सुरुवातीला पाऱ्याचे नाव पुढे आले. कुणीतरी रात्रीतून विषारी रसायन ओतले असावे, असे गृहीत धरून तपास सुरू झाला. मात्र मेलेल्या माशांच्या तपासणीत पारा हे मृत्यूचे कारण असल्याचे आढळले नाही. दुसरा संशय होता प्राणवायूच्या कमतरतेचा. मात्र जर्मनीतील फ्रँकफर्ट (ओडर) येथील स्वयंचलित केंद्राच्या नोंदी उलटेच सांगत होत्या. तिथे मासे मरण्याच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू कमी होण्याऐवजी वाढला होता. सामू वाढला होता, हरितद्रव्य वाढले होते आणि पाण्याची विद्युतवाहकताही नेहमीपेक्षा जास्त होती. विद्युतवाहकता वाढणे म्हणजे पाण्यात क्षार जास्त असणे. प्राणवायू आणि हरितद्रव्य एकाच वेळी वाढणे म्हणजे पाण्यात शैवाल जोमाने फोफावणे.

मग खरे कारण काय निघाले?

पाण्याच्या नमुन्यांत ‘प्रिम्नेशियम पार्व्हम’ नावाचे सूक्ष्म शैवाल सापडले. त्याला सोनेरी शैवाल म्हणतात. त्यातून निघणारे प्रिम्नेसिन हे विष माशांच्या कल्ल्यांना इजा करते. हे शैवाल एरवी खाडीसारख्या मचूळ पाण्यात वाढते. गोड्या पाण्याच्या नदीत ते फोफावले, कारण खाणींमधून येणाऱ्या सांडपाण्यामुळे ओडरचे पाणी खारट झाले होते. त्यात उन्हाळा कडक होता, पाऊस कमी होता आणि प्रवाह मंदावला होता. नत्र आणि स्फुरद ही पोषकद्रव्येही पाण्यात भरपूर होती.

म्हणजे रात्रीतून विष ओतणारा एकटा गुन्हेगार इथे नव्हताच. खाणीचे पाणी नदीत सोडणे हे तिथे परवान्याने चालणारे नियमित काम आहे. भरल्या नदीत मिसळून जाणारे तेच क्षार आटलेल्या नदीत घातक ठरले. एकाच दोषीच्या शोधात थांबले असते, तर क्षारांचा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

कारण शोधण्याची ठरलेली पद्धत आहे का?

आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००० मध्ये यासाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पुढे तिच्या आधारे ‘कॅडिस’ ही प्रणाली उभी राहिली. तिच्यात पाच पायऱ्या आहेत. नेमके काय बिघडले, कुठे आणि कधी, हे आधी ठरवायचे. मग संभाव्य कारणांची यादी करायची आणि त्यातले एकही पूर्वग्रहाने गाळायचे नाही. त्यानंतर त्याच नदीतील पुरावा तपासायचा, पुढे इतर नद्या व प्रयोगशाळांतील पुराव्याशी तो ताडून पाहायचा आणि शेवटी सर्वांत संभाव्य कारण सांगायचे.

पुरावा तपासताना विचारायचे प्रश्न साधे असतात. जिथे नुकसान आहे, तिथे हे कारण हजर आहे का? नाल्याच्या वरच्या बाजूलाही मासे मेले असतील, तर त्या नाल्यावरचा संशय कमी होतो. कारण आधी आणि परिणाम नंतर, असा क्रम जुळतो का? कारणाची तीव्रता वाढली की नुकसानही वाढते का? आणि या कारणाने असे नुकसान होऊ शकते, हे शास्त्राने माहीत आहे का?

पाण्याचा एक नमुना पुरेसा का नसतो?

बाटलीत घेतलेला नमुना फक्त त्या क्षणाचे पाणी दाखवतो. मासे मेल्याची बातमी कार्यालयात पोहोचेपर्यंत दूषित पाणी अनेकदा पुढे वाहून गेलेले असते. प्राणवायूचे तर दिवसभरात चढउतार होतात. शैवाल आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री वापरतात. त्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. मासे पहाटे गुदमरले आणि नमुना दुपारी घेतला, तर अहवालात पाणी ठीक दिसू शकते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, हेही लक्षात घ्यावे लागते. २० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मत्स्यजीवनासाठी तो किमान ४ मिलिग्रॅम लागतो.

म्हणूनच तज्ज्ञ नदीतळाच्या दगडांखाली राहणारे किडे मोजतात. ते महिनोन्‌महिने एकाच जागी असल्याने आधी येऊन गेलेल्या प्रदूषणाचा परिणामही त्यांच्यात दिसतो. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या कीटकांची पिल्ले स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाण्यात टिकतात. ती नाहीशी होऊन लाल अळ्याच उरल्या असतील, तर तिथे सेंद्रिय प्रदूषण बरेच दिवस आहे असे समजते.

यादीतच नसलेले कारण कसे सापडते?

अमेरिकेतील सिॲटल परिसरात शहरातले ओढे पुनरुज्जीवित केल्यावर कोहो सामन मासे अंडी घालायला परतू लागले. पण पाऊस पडला की ते अंडी घालण्याआधीच मरत. काही ओढ्यांत हे प्रमाण ४० ते ९० टक्के होते. तापमान, रोग, प्राणवायू, कीटकनाशके, धातू असे एकेक संशयित तपासून बाद झाले. रस्त्यावरून वाहून येणारे पाणी घातक आहे, एवढे कळले होते. हे पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळले की मासे वाचतात, हेही प्रयोगांत दिसले होते. मात्र त्यातले नेमके विष डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातून समोर आले. टायर टिकावेत म्हणून त्यात ६पीपीडी हे रसायन घालतात. हवेतील ओझोनशी त्याचा संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन तयार होते आणि झिजलेल्या टायरच्या कणांबरोबर ते ओढ्यात उतरते. पाणी तपासणीच्या कोणत्याही ठरलेल्या यादीत ते नव्हते.

पंचगंगेत हे कसे लागू होते?

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांच्या पाण्यातून बनलेली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. एवढ्या अंतरात संशयित अनेक आहेत. कोल्हापूर शहराचे नाल्यांतून येणारे सांडपाणी, इचलकरंजीतील कापड प्रक्रियेचे पाणी, साखर पट्ट्यातील मळीमिश्रित पाणी, उसाच्या शेतांतून येणारी खते आणि कुजणारे केंदाळ, ही त्यांतील ठळक नावे. शिवाय कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे पाणी तुंबते. बरगे काढले की तळाचे प्राणवायूहीन पाणी आणि गाळ एकदम पुढे सरकू शकतो. म्हणजे प्रदूषण एकीकडे होऊन मासे दुसरीकडे मरू शकतात.

प्रत्येक कारणाच्या खुणा वेगळ्या असतात. प्राणवायू संपला असेल तर मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात, मोठे मासे बहुधा आधी मरतात आणि हवेतून श्वास घेऊ शकणारे मरळ, मागूर तग धरतात. विष असेल तर ते कोणत्याही वेळी मारते, लहान मासे बहुधा आधी जातात आणि मरळ-मागूरही सुटत नाहीत. त्यामुळे कोणत्या जातीचे मासे, किती वाजता आणि बंधाऱ्याच्या कोणत्या बाजूला मेले, ही काठावरच्या मच्छीमाराला आणि शेतकऱ्याला माहीत असलेली गोष्ट महत्त्वाचा पुरावा ठरते.

सध्याच्या मोजमापात काय कमी आहे?

केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांपैकी सर्वाधिक ५५ महाराष्ट्रात होते. हे पट्टे बीओडी (जैविक प्राणवायू मागणी) लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आहे का, यावर ठरतात. सांडपाण्यासाठी हा निकष उपयोगी आहे. मात्र ओडरमधले क्षार किंवा सिॲटलमधले टायरचे विष त्यात दिसत नाही. बीओडीची चाचणीही आपल्याकडे तीन दिवस चालते.

कारण नेमके कळायचे तर नदीवर दिवसरात्र नोंदी घेणारी केंद्रे हवीत. घटना घडताच वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंचे नमुने घ्यायला हवेत. कुजण्याआधी मासे बर्फात ठेवून तपासणीला पाठवायला हवेत आणि कोणत्या बंधाऱ्याचे बरगे कधी काढले, याची नोंद पंचनाम्याला जोडायला हवी. सामान्य नागरिकही मोबाइलवर ठिकाण आणि वेळ दिसेल असे छायाचित्र काढून यात मदत करू शकतो. कारण केंदाळाचे असेल तर कारखान्याला नोटीस देऊन मासे वाचत नाहीत आणि कारण कारखान्याचे असेल तर केंदाळ काढूनही वाचत नाहीत.