बाहेरचे आणि घरचे

हैदराबादच्या विद्यानगराला लागूनच उस्मानिया विद्यापीठ आहे. १९३८ च्या अखेरीस तेथील वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांस नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, बंदी आली होती. ही चळवळ जातीय आहे आणि तिचे धागे बाहेर आहेत, असा निझाम सरकारचा आक्षेप होता.

हा आक्षेप निव्वळ कांगावा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. ‘मुलकी’ हा शब्द काही सरकारने रातोरात घडविलेला नव्हता. बाहेरून आलेल्यांना नोकऱ्या मिळतात ही तक्रार संस्थानातील हिंदूंची होती, तशीच मुसलमानांचीही होती. अशा भूमीत आर्य समाजाचे जथे बाहेरून येऊ लागले, तेव्हा जबाबदार राज्यपद्धतीची स्थानिक मागणी त्या गलबल्यात झाकोळली. गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने २४ डिसेंबर १९३८ रोजी आपला सत्याग्रह स्थगित केला, तो उगीच नव्हे!

त्याहून बोलकी गोष्ट पुढे घडली. निझामी राजवट १९४८ साली संपली, निवडणुका झाल्या, लोकांचे सरकार आले. आणि सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबादचेच विद्यार्थी ‘गैरमुलकी परत जा’ म्हणत रस्त्यावर उतरले. नव्या व्यवस्थेबरोबर आलेले अधिकारी त्यांना परकेच वाटले. गोळीबार झाला, माणसे मेली.

आम्हां गोमंतकीयांना हे नवे नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावात सभा घेणारे डॉ. राममनोहर लोहिया पोर्तुगीज सरकारच्या लेखी बाहेरचेच होते. मात्र लोहियांना येथे आणणारे डॉ. जुलियांव मिनेझिस असोळण्याचे, आणि सभेला जमलेले लोकही येथलेच. सालाझारने १९५१ साली कायदा बदलून गोव्याला ‘सागरपार प्रांत’ ठरविले, तेव्हा त्या कागदी अस्मितेला मुलकी भावनेइतकेही मूळ नव्हते.

दिल्लीची भूमिकाही या संदर्भात पाहण्याजोगी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकशाही निधीला २००५ साली भारताने अमेरिकेच्या बरोबरीने पाठिंबा दिला, पैसाही दिला. परदेशी देणग्यांवरील १९७६ चा, आणीबाणीतला, कायदा मात्र २०१० साली अधिक कडक होऊन पुन्हा आला. दुसऱ्यांच्या लोकशाहीस हातभार लावताना आपण परके ठरत नाही, हे आपण कशावरून गृहीत धरले, ते संसदेत कोणीतरी विचारावयास हवे होते.