अत्यवस्थ रुग्णांचे सुरक्षित स्थलांतर : वसई-विरार परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
आरोग्यसेवेचा विचार करताना रुग्णालये, डॉक्टर आणि औषधे यांकडे अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेताना रुग्ण ज्या वाहनात असतो, त्या वाहनातील काळाचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः अत्यवस्थ रुग्णासाठी हा काळ विशेष जोखमीचा असतो. अतिदक्षता विभागातील यंत्रे, मनुष्यबळ व तज्ज्ञांचा सल्ला या तिन्ही गोष्टी या काळात मर्यादित होतात आणि आजार मात्र तेवढाच गंभीर राहतो. अशा स्थलांतराची सुरक्षितता बहुतांशी वाहन निघण्यापूर्वीच निश्चित होते, हे प्रस्तुत लेखात वसई-विरार परिसराच्या संदर्भात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी :
वसई-विरार शहर महानगरपालिकेची स्थापना २००९ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेनुसार या क्षेत्राची लोकसंख्या १२,२२,३९० होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा परिसर पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर अशी याची रचना आहे. गंभीर रुग्णास मुंबईतील मोठ्या रुग्णालयात न्यावयाचे झाल्यास मुख्यतः राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि त्यावरील घोडबंदरजवळचा खाडीपूल यांवरच अवलंबून राहावे लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. परंतु वेळापत्रकाने बांधलेली ही सेवा आणीबाणीच्या प्रसंगी महामार्गाची जागा घेऊ शकत नाही.

या परिस्थितीचे गांभीर्य ३१ जुलै २०२५ रोजी प्रकर्षाने समोर आले. झाडाची फांदी अंगावर पडून गंभीर जखमी झालेल्या एका महिलेस पालघरहून मुंबईस नेले जात असताना रुग्णवाहिका महामार्गावरील कोंडीत अडकली. वृत्तपत्रांतील माहितीनुसार प्रवासाच्या अपेक्षित कालावधीचा विचार करून तिला भुलीचे औषध देण्यात आले होते. प्रवास लांबल्याने त्याचा अंमल ओसरला, वेदना असह्य झाल्या आणि नियोजित रुग्णालय गाठण्यापूर्वीच तिचा मृत्यू झाला.

अंतर आणि वेळ :
वरील घटनेतून स्थलांतराचे मूलभूत तत्त्व लक्षात येते. रुग्णाच्या दृष्टीने प्रवासाचे माप किलोमीटर हे नसून मिनिटे हे आहे. प्राणवायू, औषधे आणि यंत्रांची बॅटरी या तिन्ही गोष्टी काळानुसार संपतात. प्राणवायूचेच उदाहरण घेता येईल. लहान 'बी' प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लीटर, तर मोठ्या 'डी' प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लीटर प्राणवायू असतो. रुग्णास दर मिनिटास १५ लीटर प्राणवायू लागत असल्यास लहान सिलिंडर १०० मिनिटांत रिकामा होतो. नेहमीच्या ९० मिनिटांच्या प्रवासास १,३५० लीटर लागतात, म्हणजे कागदोपत्री एक लहान सिलिंडर पुरेसा ठरतो. तोच प्रवास कोंडीमुळे चार तासांचा झाला तर ३,६०० लीटर लागतात आणि दोन लहान सिलिंडरही अपुरे पडतात. म्हणूनच अपेक्षित गरजेच्या किमान दुप्पट साठा सोबत असावा, असा संकेत आहे. वसई-विरारसारख्या ठिकाणी हा हिशोब त्या दिवशीच्या रस्त्याची स्थिती पाहूनच मांडला पाहिजे.

निघण्यापूर्वीची तयारी :
अमेरिकेतील अतिदक्षता वैद्यक संघटनेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत समन्वय, मनुष्यबळ, उपकरणे व सातत्यपूर्ण निरीक्षण या चार बाबींवर भर दिलेला आहे. समन्वय म्हणजे पाठविणाऱ्या डॉक्टरांनी स्वीकारणाऱ्या डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोलून खाट उपलब्ध असल्याची खात्री करणे. वाहनचालकाव्यतिरिक्त किमान दोन व्यक्ती रुग्णासोबत असाव्यात, अशी अपेक्षा आहे. श्वसनमार्ग धोक्यात येण्याची शक्यता असल्यास श्वासनलिकेत नळी निघण्यापूर्वीच घालणे इष्ट ठरते, कारण धावत्या वाहनात ही क्रिया अत्यंत कठीण होते. त्याचप्रमाणे रक्तस्राव आटोक्यात आणणे, शिरेतील नळ्या पक्क्या बसविणे आणि उपचारांची लेखी नोंद सोबत देणे आवश्यक असते.

अतिवेगाविषयीचा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. रुग्णाचे डोके वाहनाच्या पुढील दिशेस असते. वाहनाने एकाएकी वेग घेतल्यास रक्त पायांकडे ढकलले जाऊन रक्तदाब घटू शकतो. जोरात ब्रेक लावल्यास ते डोक्याकडे जाऊन मेंदूवरील दाब वाढू शकतो. त्यामुळे धक्के न बसता केलेला संथ प्रवास अनेकदा अधिक सुरक्षित असतो.

व्यवस्था आणि कायदा :
महाराष्ट्रात २०१४ मध्ये '१०८' सेवा सुरू झाली. तीत प्रारंभी ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक व ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. 'एआयएस-१२५' या राष्ट्रीय मानकाने रुग्णवाहिकांचे चार वर्ग केले असून त्यांतील 'ड' वर्ग प्रगत जीवरक्षक सेवेचा आहे. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णास केवळ खाट असलेल्या वाहनातून नेणे धोक्याचे आहे, हे या वर्गीकरणावरून स्पष्ट होते.

पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तातडीचे उपचार हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. कोणत्या रुग्णालयात खाट उपलब्ध आहे हे सांगणारी केंद्रीय संपर्कव्यवस्था आणि उपकरणे व कर्मचारी यांनी सुसज्ज रुग्णवाहिका यांची आवश्यकताही न्यायालयाने नमूद केली. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि, ज्या रस्त्यावर बाजूला होण्यासही जागा उरलेली नाही, तेथे दंडाची भीती फारशी उपयोगी पडत नाही. रस्त्याचे काम हाती घेतानाच रुग्णवाहिकेसाठी मार्गिका राखून ठेवणे आणि मार्गातील बदलाची पूर्वसूचना रुग्णालयांना देणे हाच त्यावरील व्यवहार्य उपाय ठरतो.

समारोप :
जिल्ह्यातच गंभीर अपघातग्रस्तांवर उपचारांची पुरेशी सोय होणे हा या प्रश्नाचा मूळ उपाय आहे, कारण जो प्रवास टळतो, त्यात धोका उरत नाही. ती सोय होईपर्यंत प्रत्येक स्थलांतरापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळालीच पाहिजेत : रुग्ण प्रवास सहन करण्याइतका स्थिर आहे काय, पलीकडे खाट निश्चित झाली आहे काय आणि प्रवास दुप्पट लांबल्यास साठा पुरेल काय? या कामी परिसरातील महाविद्यालयांनाही हातभार लावता येईल. भूगोल विभागाने महामार्गावरील प्रवासकाळाच्या प्रहरनिहाय नोंदी ठेवल्यास आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण दिल्यास रुग्णालयांना आणि रुग्णांच्या कुटुंबांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.