पोच न मागणारी पत्रे

अहिल्यानगर जिल्ह्यातला पारनेर तालुका ओलांडून पश्चिमेला जुन्नर तालुक्यात शिरले, की नारायणगावजवळ खोडद येथे जाळीच्या अजस्र तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. हीच ‘जीएमआरटी’ रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेनांचे संकेत प्रकाशीय तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात. तेथे त्यांचे अंकांत रूपांतर होते आणि ते अंक लहान लहान पॅकेटांतून संगणकांकडे जातात. गंमत अशी, की त्यासाठी वापरलेल्या ‘यूडीपी’ या पद्धतीत पॅकेट पोचेलच अशी मुळीच हमी नसते!

या पद्धतीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८० मध्ये अवघ्या तीन पानांत मांडले. तिची थोरली बहीण ‘टीसीपी’ टेलिफोनसारखी आहे. आधी जोडणी, मग बोलणे. ऐकू आले नाही तर पुन्हा सांगणे. यूडीपी म्हणजे साधे पोस्टकार्ड. पत्ता लिहा, पेटीत टाका, विसरून जा.

प्रोग्रॅमही तसाच सुटसुटीत. विजेच्या बोर्डावर असते तसे संगणकाच्या जाळ्याचेही ‘सॉकेट’ असते. अर्थात ते डोळ्यांना दिसत नाही. पाठवणारा ते उघडतो आणि ‘सेंडटू’ या आज्ञेने मजकूर धाडतो. घेणारा ‘बाइंड’ने एक पोर्ट क्रमांक आपल्या नावे करतो आणि ‘रिसीव्हफ्रॉम’ म्हणून वाट पाहतो. पॅकेटावर यूडीपीची स्वतःची नोंद फक्त ८ बाइटची!

पण इतकी मोलाची माहिती अशी बेभरवशाने का पाठवायची? हिशेब करू. २०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यासाठी सेकंदाला ४० कोटी नमुने घ्यावे लागतात. नमुना ८ बिटांचा आणि ध्रुवीकरणे दोन. म्हणजे एका अँटेनामागे सेकंदाला ६४० कोटी बिट. आकाश काही थांबत नाही. हरवलेले पॅकेट पुन्हा मागवत बसलो, तर मागून लोंढा येतच असतो.

समजा, एका पॅकेटात एका ध्रुवीकरणाचे ८,००० नमुने आहेत. ते हरवले, तर २० मायक्रोसेकंदांचे निरीक्षण गेले; संवेदनक्षमता किंचित घटली, इतकेच. खरा धोका पुढे आहे. संगणकाने पुढचे पॅकेट त्याच जागी चिकटवले, तर तेथून पुढचे सारे नमुने २० मायक्रोसेकंद सरकतात. तेवढ्या वेळात प्रकाश ६ किलोमीटर जातो. जणू ती अँटेनाच तेवढी दूर उचलून ठेवली! मग ३० अँटेनांच्या ४३५ जोड्यांपैकी २९ जोड्यांचा मेळ बिघडतो. यूडीपी क्रमांक घालत नाही, म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने प्रत्येक पॅकेटात तो स्वतः घालायचा. क्रमांक तुटला, की रिकाम्या जागी शून्ये भरायची, वेळ मात्र हलू द्यायची नाही.

शाळेच्या संगणक कक्षात हे करून पाहा. पायथनमध्ये एका प्रोग्रॅमने १ ते १,००,००० हे आकडे एकेका पॅकेटातून भराभर पाठवा. घेणाऱ्या प्रोग्रॅमला दर पॅकेटानंतर एक मिलिसेकंद थांबवा आणि आलेले आकडे फळ्यावर मांडा. संगणकात आलेल्या पॅकेटांची तात्पुरती कोठी असते. ती भरली, की उरलेली पॅकेटे गुपचूप फेकली जातात. पाठवणाऱ्याला मात्र त्याचा पत्ताही नसतो. मग थांबणे काढून टाका, आकडे पुन्हा पाठवा आणि किती गळतात ते मोजा.